ख मिळाला नाही

४ जानेवारी २०१०, सोमवार
विश्रांतवाडीचं ऑफिस. आगाशे सरांचा भावनांचा शब्दकोश वेबसाइटवर चढवायचा. राग, दुःख, भय असे विभाग. सरांनी मला एम.ए.ला शिकवलं, कंपनीने मला घेतलं ते म्हणूनच. परवानगीच्या कागदावर सरांची सही अजून नाही. अट एकच : "शब्दाला नंबर द्यायचा नाही. पानाच्या पत्त्यात शब्दच दिसला पाहिजे." सही नाही तर कोश नाही. मग मी तरी इथे कशाला.

६ जाने.
प्राजक्ताने रूट, म्हणजे वेबपानांच्या पत्त्यांचे साचे, शिकवले. ती टीम लीड, माझ्याहून लहान. पत्त्याचा साचा एकदाच लिहायचा : /राग/:शब्द. कोलन म्हणजे पुढची जागा रिकामी. मग पत्ता हाताने कुठेच लिहायचा नाही. साचा कोणता ते सांगायचं, शब्द द्यायचा. पत्ता फ्रेमवर्क, म्हणजे साइटखालची तयार यंत्रणा, बनवतं.
'संताप' दिला. /राग/संताप.
'चीड'. /राग/चीड.
देत राहिले. डबा तसाच.

८ जाने.
सगळे विभाग लागले, दुःख सोडून. 'विरह' दिला तर एरर : ख मिळाला नाही. पुन्हा वाचलं. तेच.
प्राजक्ता मागे येऊन उभी. "मॅडम, विसर्ग कुठला टाकलात?"
कोलन. सगळे टाकतात तसा.
फ्रेमवर्कने 'दु' वाचला. पुढे रिकामी जागा, तिचं नाव ख.
"मराठीत एम.ए. ना तुम्ही?"
"हो."
"नाही, सहज विचारलं."
मग तिनेच ख म्हणून 'पार' दिला. /दुपार/विरह.
'रावा' दिला. /दुरावा/विरह.

खरा विसर्ग टाकला, चाललं. पण तो 'दु' आणि पुढची ती मोकळी जागा...

१२ जाने.
सर आले. खडकीहून रिक्षाने, कागद पिशवीत.
"विषाद," म्हणाले. मी दिला. /दुःख/विषाद. चष्मा काढून स्क्रीनजवळ गेले.
"हे तू लिहिलंस?"
"नाही सर. बनलं."
पत्त्यावरून बोट फिरवलं. मग पेन काढलं. आणि मला राहवेना. "सर, उद्या साच्यातली एक ओळ बदलली ना, की सगळे पत्ते आपोआप बदलतात."
पेन थांबलं. "बदलतात?"
"साइटवरचे सगळे."
"आणि कोणी वहीत उतरवून घेतला असेल, त्याचा?"
मी कीबोर्डवरचा हात काढला.
"पत्ता दिला म्हणजे माणूस तिथे सापडायला हवा, बाई." पेनाला टोपण. कागद परत पिशवीत. "विचार करतो."
ते गेल्यावर प्राजक्ता : "सही झाल्यावर बोलायचं असतं ते."

१४ जाने. संक्रांत
सरांचा फोन नाही.
साच्यात 'दुःख' काढून 'शोक' लिहिलं. एकच शब्द. विभागातले सगळे पत्ते एका दमात हलले. चूक एकही नाही.
मग विषादचा जुना पत्ता टाइप केला. पान सापडत नाही.
ओळ होती तशी केली. सगळे परत आले.
प्राजक्ता म्हणते, पत्ता बदललाच तर जुन्यावर आलेल्याला नव्याकडे वळवता येतं.
"किती दिवस?"
"आपण वळवत राहू तितके."
हे सरांना सांगायचं. पण 'आपण' म्हणजे कोण, विचारतील. उद्या खडकीला जाते.