माझी एकमेव पकड

उमरखेड,
रविवार सकाळ

प्रिय नलू,

ओळी वर चढतात, तरी अक्षर तू ओळखशील. शाळेत कविता उतरवून घ्यायला माझीच वही मागायचीस. परवा शेजारची पोरगी ओसरीवर कविता वाचत होती, बातमी वाचावी तशी सपाट. मी चाल लावून दाखवली तर हसली, ‘आजोबा, आता असं गात नाही कोणी.’ माझी रुखमाबाई गेल्यापासून या घरात मला हसणारंही कोणी नव्हतं, म्हणून मी मुद्दाम पुन्हा म्हणून दाखवली. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. जवळचं अजून धूसर, लांबचं मात्र लख्ख दिसतं. इतकं, की तुमच्या फुलसावंगीचं मैदानही दिसतं, बासष्ट सालच्या मे महिन्यातलं.

तू यवतमाळला नर्सचं शिकत होतीस, सुट्टीत गावी आली होतीस. हुतूतूचे सामने होते. बळीराम तुमच्या गावच्या संघात, मी उमरखेडच्या. मला त्याचा हेवा वाटायचा, हे तुला कधी कळलं नसेल. वर्गात मी कविता म्हणायचो तेव्हा तू माझ्याकडे बघायचीस. तेवढे तास माझे, बाकी सगळं त्याचं. त्याचा दम मंदाक्रांतेच्या ओळीसारखा लांबच लांब, फक्त यती कुठेच नाही. घामानं निथळणारं अंग चौघांच्या मिठीतून सहज सुटायचं. आमचा किसनसिंग वैतागून म्हणायचा, ‘नदीतली मासोयी धरनं सोपं हाय, याले नाई.’ आणि तू दोरीबाहेर बायांमध्ये उभी राहून ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर दम धरायचीस. ते मी बघायचो. खेळ कमी, तेच जास्त बघायचो.

तेव्हा आम्हा सगळ्यांचाच समज होता, की खेळाआधी पाणी प्यायलं की पोट जड होतं आणि दम तुटतो. बळीराम सकाळभर शेतात कापसाच्या पऱ्हाट्या वेचून तसाच कोरडा मैदानात उतरला होता. दुसऱ्या डावात तो चढाईला आला तेव्हा त्याचे पाय एकमेकांत अडकत होते. ‘हुतूतू’ घोगरं झालं. मग तो परतायची रेघ सोडून भलतीकडेच वळला. लोक हसले, ‘बळ्या, भांग पेलास काय बे?’ मी झेप घेऊन त्याची कंबर धरली. आणि नलू, तो सुटला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच सुटला नाही. दम तुटला, पंचांची शिट्टी झाली, आमच्या गावची माणसं टोप्या उडवत ओरडली, ‘गोविंदानं बळ्याले धरलं!’ मी त्याला तसाच धरून तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतीस. तेव्हा कुठे मी ओरडलो, ‘अरे, याचं अंग पेटलं हाय! घामच नाई याले!’

तो कोसळला आणि हातपाय झाडायला लागला. ‘मिरगी हाय, जोडा हुंगवा,’ म्हणत कोणीतरी त्याच्या नाकाला चप्पल लावली. तू दोरी ओलांडून आलीस. त्या काळी, लग्नाच्या वयाची मुलगी, पुरुषांच्या मैदानात! चप्पल हिसकावून फेकलीस. ‘मिरगी नाई, ऊन भिनलं. निंबाखाली घ्या, कुशीवर करा. तोंडात थेंबही घालू नका, अंगावर ओता.’ बैलांच्या हौदातलं पाणी बादल्यांनी आलं. आमचीच उपरणी भिजवून तू त्याच्या मानेला, काखेत लावलीस, दोघांना सुपानं वारा घालायला बसवलंस. मग वर न बघता मला विचारलंस, ‘गोविंदा, घाम कवापासून नाई याले?’ मी म्हणालो, ‘आताच. धरला तवा समजलं.’

ट्रकमधून त्याला उमरखेडच्या दवाखान्यात नेलं. वाटभर तू कापड बदलत होतीस आणि मी बादली धरून बसलो होतो. तो वाचला. पण जीभ कायमची जड झाली, चालताना तोल जायला लागला, आणि तो दम मैदानानं पुन्हा ऐकला नाही. पुढच्या वर्षी तुमचं लग्न झालं. पंचशील म्हणताना तो अडखळत होता, तेव्हा त्याचा शब्द पुरा होईपर्यंत तू तुझा अडवून धरत होतीस. मागच्या रांगेत बसून मला त्या थांबण्याचाही हेवा वाटला. तेव्हापासून बळीराम भेटेल त्याला सांगतो, ‘गोविंदानं हातानं ओळखलं म्हून मी हाय.’ आणि मी दर वेळी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

आता तुझं कार्ड आलंय. बळीरामला पंचाहत्तर पूर्ण होतात, गावात सत्कार आहे, आणि त्याची इच्छा अशी, की स्वतःची शाल त्यानं आपल्या हातानं माझ्या खांद्यावर घालावी. नलू, ती शाल मला पेलायची नाही. तुला मी त्या दिवशी खोटं सांगितलं. मध्यंतरात बाजू बदलताना बळीरामनं माझ्या गळ्यात हात टाकला होता. हात कोरडा आणि तापलेला. कानाशी म्हणाला, ‘गोविंदा, लय थंडी वाजून राह्यली बे. कोनाले सांगू नको.’ मे महिन्यात! आदल्या वर्षी माझा काका वखर हाकता हाकता असंच म्हणाला होता आणि दिवस मावळायच्या आत गेला होता. मला समजलं होतं. तरी मनात आलं ते एवढंच, की आज हा निसटणार नाही. तेव्हाच तुला हाक मारली असती, तर कदाचित त्याचा आवाज राहिला असता. हे पत्र त्याला वाचून दाखव, एकही ओळ न गाळता. ऐकूनही तो ‘ये’ म्हणाला, तर कळव. येईन, शाल न घेता खाली बसेन. पण तो हे सगळं तुझ्या आवाजात ऐकणार, तुझ्या शेजारी बसून. आणि इतकं लिहून झाल्यावरही, नलू, मला त्याचा हेवाच वाटतोय.

तुझाच म्हणायची ही पहिलीच वेळ, म्हणून तुझाच,
गोविंदा