खार नर असली तरी

ती. अण्णांस,

"मला ती म्हणा," एवढंच मागितलं होतं, तर तुम्ही बाहेरचा रस्ता दाखवलात. आज ताईने तुम्हाला माझ्या विनोदी एकपात्री कार्यक्रमाला आणलं.

दोन नर राजहंसांच्या संसारावर सगळे हसले, तुम्ही नाही. मग ओठ रंगवून, झुपकेदार शेपूट लावून मी म्हटलं, "हा खार शेजारच्या खारावर भाळला."

शेवटच्या रांगेतून व्याकरण शिकवतानाचा तुमचा आवाज आला, "हा नाही, ही! खार नर असली तरी तिला 'ती'च म्हणायचं!"

लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या. मला काहीच वाटलं नाही. शेपूट सोडून पिशवीत भरलं, अजूनही काही वाटत नाही.

फक्त आज सही करताना हात अडखळला नाही.

तुमची,
खार