मामांचं रीळ आणि माझी जीभ

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच घातलेला बरा. समोर घातला असता तर मला उठवायला तुम्ही वाकला असता, आणि नवा गुडघा अजून नवाच आहे.) प्रकृती कशी आहे? इतक्या महिन्यांनी डॉक्टरांनी रविवारी समुद्रावर जायची परवानगी दिली, हे कळल्यावर आईने फोन ठेवला, डोळे पुसले आणि लगेच मला विचारलं, "त्याचं रीळ कुठंय?" त्याबद्दलच लिहितो आहे. अक्षराबद्दल क्षमा असावी. आज माझं पेन कागदावर टेकवलं की टोक आत ओढून घेतं, ते मागून बोटाने दाबून धरावं लागतं. वस्तूंची निगा राखणाऱ्या माणसावर वस्तूंनीच डूख धरावा, याचं वाईट वाटतं.

तर रीळ उत्तम आहे. (आधी 'ठीक' लिहिणार होतो, पण त्यात काहीतरी लपवल्यासारखं वाटलं. आता 'उत्तम'मध्येही वाटतं आहे. असो.) ऑपरेशनला जाण्याआधी गळाची काठी आणि तिचं हे रीळ माझ्या हवाली करताना तुम्ही एवढंच म्हणाला होता, की खुशाल वापर, पण खारं पाणी लागलं की गोड्या पाण्याने धू. मी ते एकदाच वापरलं. मासा मिळाला नाही, पण एक लाट आली. तेव्हापासून धुतो आहे.

गोड्या पाण्याने म्हणजे नेमकं कसं, हे विचारायचं राहून गेलं, म्हणून मोबाइलवर जाणकार शोधले. एक दाढीवाले गृहस्थ म्हणतात, रीळ नळाखाली जोरात धरा, मीठ पळून जातं. त्यांच्याहून मोठी दाढी असलेले दुसरे म्हणतात, जोरात धराल तर मीठ आत पळतं आणि मग रिळाची आशा सोडा. तिसरे सांगतात की फक्त एका विशिष्ट फडक्याने पुसा, आणि ते फडकं तेच विकतात. सगळ्यांच्या मागे भिंतीवर चकचकीत रिळं टांगलेली. त्यातलं एकही कधी ओलं झालं असेल असं वाटत नाही. (ही टीका नव्हे. मला हेवा वाटतो.) मी त्यांच्या ग्रुपमध्येही शिरलो. तिथे गंजावर इतकी कळकळीची चर्चा चालते, की एकाने चुकून 'काल मोठा मासा मिळाला' असं लिहिलं तेव्हा बाकीच्यांनी त्याला एवढंच विचारलं, "मग रीळ धुतलंस का?"

शेवटी मीठ गेलं की नाही हे ठरवायचा एकच प्रामाणिक मार्ग सुचला. मी रीळ चाटलं. खारट लागलं. पुन्हा धुतलं, पुन्हा चाटलं. मग शंका आली, की खारटपणा रिळाचा की माझ्या जिभेचा? तुलनेसाठी आधी चहाचा चमचा चाटला आणि नंतर बाहेरच्या दाराची कडी. नेमके तेव्हाच शेजारचे निवृत्त हेडमास्तर जिन्यात आले. "चालू द्या," म्हणाले आणि आल्या पावली परत गेले.

मग मात्र मी रीळ खोललं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, भाजीच्या चाळणीत दातेरी चाकं, आणि खाचांतलं मीठ उकरायला मिळेल ते: तुमच्या भाचेसुनेची केसांची पिन, माझं पेन, आईच्या कवळीचा ब्रश. भाचेसून म्हणाली, "न्हाऊ घातलंत ना, आता अंगाईही म्हणा." आई म्हणाली, "मेल्या, कवळी तोंडात घातली की बोटीत बसल्यासारखं वाटतं मला." मी दोघींची बाजू समजून घेतली आणि ब्रश फक्त सकाळी घ्यायचा असं ठरवलं.

मध्यंतरी माझं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरांनी विचारलं, "जेवणात मीठ किती असतं?" खोटं बोलणं मला जमत नाही. म्हटलं, "जेवणात बेताचंच. बाकीचं मामांच्या रिळातून जातं." त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि घरी आणखी कोण असतं, अशी चौकशी केली.

काल रीळ जुळवलं. आता ते इतकं हलकं फिरतं की कान लावावा लागतो. रविवारी निर्धास्तपणे न्यायला या.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता.क. जुळवून झाल्यावर एक बारीकशी स्प्रिंग उरली आहे. रीळ पुन्हा खोलून पाहिलं, पण तिला कुठे जागाच नाही. रीळ तिच्यावाचून फिरतं, हेच मला संशयास्पद वाटतं. ती कुठली ते, आठवत असेल तर, कळवावं.

ता.क. पाकीट चिकटवायला कड जिभेवरून फिरवली, तर ती खारट लागली. म्हणजे मीठ अजून घरात आहे. म्हणून पुन्हा कागद बाहेर काढून विनंती करतो, की या रविवारी येऊ नका. पुढच्या रविवारी आपण समुद्राऐवजी तळ्यावर जाऊ या का? (तळ्यात गळ टाकणाऱ्यांना तुम्ही 'बादलीतले शिकारी' म्हणता, ठाऊक आहे. पण मामा, तळं गोडं असतं.)

ता.क. बाळ्या, ही मी, ताई. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय. तू ह्याच रविवारी ये. रीळ शाबूत आहे, माझ्या कपाटात कुलपात ठेवलंय. ती स्प्रिंग त्याच्या पेनातली आहे. मी सांगितलं नाही, नाहीतर आता पेन धुवायला घेतलं असतं. आणि मासा आणलास तर साफ करायला त्याच्या हातात देऊ नकोस. आम्हाला त्याच दिवशी जेवायचंय.