अनशापोटी

शेंदूरजनाघाट, जि. उमरावती
माघ शुद्ध पंचमी, शके १८५९

ती. लीलाताईस,

धाकटी पार्वता हिचा शिरसाष्टांग नमस्कार. भाऊजींनाही सांग. मृगाचा बहार तोडायला आला आहे, बागेत संत्रीच संत्री आहेत आणि घरात तोडणाऱ्यांचा राबता. सासूबाईंचे गुडघे सोडले तर त्या ठणठणीत आहेत. आमचा सहदेव शाळेत जातो, म्हणजे घरून निघतो तरी.

तू दोन्ही पत्रांत विचारलंस, "तू कशी आहेस?" आणि मी धड उत्तर दिलं नाही म्हणून रागावलीस. अगं, तुझं पत्र आलं की हे ओसरीवर बसून ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात. तुझा प्रश्न वाचला की तिथूनच सांगतात, "बरी आहे म्हणून लिहून देजो." मी बरी आहे म्हणून लिहिते. आज सगळे बागेत आहेत, तेव्हा खरं लिहिणार आहे. पण आधी यांचं ऐक, नाहीतर माझं तुला समजायचं नाही.

यांचं पोट तुला ठाऊकच आहे. लग्न होऊन आले त्या दिवसापासून या घरात देवाच्या खालोखाल यांच्या पोटाचा मान. वायू धरला की माझं वरण जड. पोट साफ झालं नाही की माझी भाकरी कच्ची. आंबाडीची भाजी सासूबाईंनी केली तर पचायची आणि मी केली तर छातीशी यायची. भांडं तेच, चूल तीच.

श्रावणात कोणीतरी सांगितलं म्हणून हे उमरावतीला एका आखाड्यात गेले. तिथं पुण्याकडचे एक मास्तर पोटाच्या रोगांवर आसनं शिकवतात. महिनाभर राहून आले ते सतरंजी काखेत मारूनच. मयूरासन, पवनमुक्तासन, वज्रासन. पहाटे विहिरीजवळ सुरू व्हायचे. पवनमुक्तासनाचा अर्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांना लांबूनच कळत होता, मी वेगळं काय सांगू?

आता गंमत ऐक. निघताना मास्तरांनी सांगितलेलं की घरीही सगळी आसनं अनशापोटी करायची. रिकाम्या पोटाला आपण इकडे निरण्या पोटी म्हणतो, अनशापोटी हा पुणेरी शब्द यांनी कधी ऐकलेला नाही. यांनी ऐकलं 'अळशी पोटी'. बाजारातले मारवाडी जवसाला अलसी म्हणतात, तेव्हा यांना वाटलं मास्तर जवसच खायला सांगतात. मला हुकूम झाला. रोज पहाटे मी वाटीभर जवस भाजून गुळाबरोबर द्यायची, ते खाऊन हे मोरासारखे दोन हातांवर अंग तोलायचे आणि सगळं विहिरीच्या कठड्यावर ओकायचे. मग दोष कोणाचा? माझा. जवस कच्चे भाजले. दुसऱ्या दिवशी करपवले. तिसऱ्या दिवशी गूळ जुना. मी म्हटलं, मास्तरांना एकदा विचारून तर बघा. तर म्हणे बाईनं शास्त्रात तोंड घालू नये.

शेवटी दिवाळीत स्वतःच भांडायला गेले. मास्तरांनी कपाळावर हात मारला असणार. घरी येऊन आम्हांला काय सांगावं? "पुन्याच्या लोकाईले धड मराठी येत नाही, तं मी काय करू?"

तिथून पुढे मात्र रिकाम्या पोटी करायला लागले आणि खरंच गुण आला. खोटं कशाला लिहू? पहाटे कोमट पाणी, मग आसनं, दिवस मावळायच्या आत गरम जेवण, सावकाश चावून, आणि जेवल्यावर वज्रासन. हे सगळं पाळतात. पोट साफ होतं, झोप लागते, चिडचिड निम्मी झाली. सगळं श्रेय मास्तरांचं. दिवस मावळायच्या आत ती गरम भाकरी ताटात कुठून येते, हे मास्तरांनी विचारलं नाही आणि यांना सुचलं नाही. यांच्यासाठी एकदा चूल पेटते, तोडणाऱ्यांसाठी परत. मग सासूबाई, मग सहदेव. माझं ताट येतं तेव्हा भाकरी गार झालेली असते आणि वरणाचं नुसतं पाणी उरलेलं असतं. मास्तरांनी जेवणाऱ्याचे नियम सांगितले, वाढणारीचे सांगायचे राहिले.

तर आता माझं.

पावसाळ्यापासून मला अन्न धड जात नाही. आधी नुसती जळजळ होती. यांना सांगितलं, तर म्हणाले, "वज्रासनात बसत जाय. पोट आपोआप ठिकाणावर येते." बसले. यांचं बघून बघून पवनमुक्तासनही केलं, पहाटे चुलीपुढे, लुगडं आवरून. एकदा सासूबाईंनी मला तसं पाय पोटाशी घेऊन पडलेलं पाहिलं आणि बाहेरची बाधा झाली म्हणून मिरच्या ओवाळल्या. जळजळ कमी झाली, ताई. वायूही कमी झाला. म्हणून मी गप्प राहिले, म्हटलं जाईल हळूहळू.

पण उजवीकडे बरगडीखाली एका जागी दुखतं ते काही केल्या जात नाही. दोन घास खाल्ले की पोट भरतं आणि तेही पुष्कळदा उलटून पडतं. बांगड्या कोपरापर्यंत चढतात. मी सैल चोळ्या घालते म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

यांना पुन्हा सांगितलं. म्हणाले, तू आसन मन लावून करत नाहीस. सासूबाई तिथंच वाती वळत होत्या. म्हणाल्या, "बाईच्या पोटाले काय होते? बाईचं पोट दगडाचं असते."

आणि राग मला कशाचा येतो ते सांगते. त्याच मास्तरांनी यांना बजावलेलं आहे की एकाच जागी दुखत असेल आणि अन्न उलटत असेल, तर आसनांच्या नादी लागू नका, आधी डॉक्टरला दाखवा. हे वाक्य यांना पाठ आहे. पारावर दहा जणांना ऐकवतात. शेजारच्या शालिकरामचं असंच दुखत होतं, तर यांनी स्वतः बंडी जुंपली, गवत घालून त्याला निजवलं आणि उमरावतीला डॉक्टरकडे घेऊन गेले. वाटेसाठी भाकरी मी बांधून दिली. बंडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते, बरगडीखाली हात दाबून. हे वाईट नाहीत ग. मनानं चांगले आहेत, नाहीतर परक्यासाठी कोण एवढं करतो? यांना फक्त मी दिसत नाही.

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी जळजळ, मग दोन घास, मग बांगड्या. तुला आठवत असेल, मला नीट आठवतं. ती सगळ्यांना वाढून चुलीपाशी बसायची आणि भूक नाही म्हणायची. आणि आपण तिची भाकरी वाटून खायचो.

मला भीती वाटते, ताई. सहदेव अजून स्वतःची शेंडी बांधण्याएवढाही झाला नाही.

तुमच्या अकोल्याला बायकांना तपासणारी डॉक्टरीण आहे म्हणतात. मला तिच्याकडे जायचं आहे. बहारात घर सोडून बहिणीकडे जाते म्हटलं तर हे सोडणार नाहीत, पण तूच अडचणीत आहेस म्हटलं तर नाही म्हणणार नाहीत. लोकांच्या अडचणीला आमचं घर नेहमीच धावतं. तेव्हा यांच्या नावानं पत्र घाल. पाय मोडला म्हण, हात भाजला म्हण, घरात करणारं कोणी नाही म्हण. पोटाचं नाव मात्र चुकूनही काढू नकोस. पोट म्हटलं की सतरंजी घेऊन हे स्वतःच अकोल्याला येतील आणि मी इथं भाकऱ्या थापत राहीन. खोट्याचं पाप माझ्या माथी.

हे पत्र शालिकरामची सत्यभामा उमरावतीला पेटीत टाकणार आहे. तिला सगळं ठाऊक आहे. नवऱ्याचं दुखणं पाहिलेली बाई आहे, माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं तिनं.

आईच्या वेळी आपण दोघी परकऱ्या पोरी होतो, आपल्याला कोण विचारणार होतं? आता तू मोठी आहेस, तुझं घर आहे. बहार संपायची वाट पाहू नकोस. मला बोलावून घे.

तुझ्याशिवाय कोणाला सांगणार, अशी

पार्वता