सफारीच्या नकाशातला कागद

अहो,

मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेला गेले आहे. तुमच्यापासून लपवून दोन महिने शिकतेय, दोनदा नापास झाले.

तीस वर्षं बस चालवलीत, कुठे ओरखडा नाही. त्या दिवशी गाडी फाटकाला घासलीत आणि ‘फाटकच पुढे आलं’ म्हणालात. मी हसले, पण दुसऱ्याच दिवशी शिकायला नाव घातलं.

आज सकाळी बॅग भरताना सफारीचा नकाशा उघडला, तर घडीत डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद. काचबिंदू, बाजूचं दिसत नाही, गाडी चालवू नये. तारीख तिकिटं काढायच्या आधीची. नजर आहे तोवर हत्ती बघायचेत, एवढं सरळ सांगायचंत. मला का अंधारात ठेवलंत?

त्या जंगलात भाड्याची जीप आपली आपणच चालवायची, आणि गाडीतून खाली उतरायची बंदी आहे. भर रस्त्यात तुम्हाला दिसेनासं झालं, तर मी काय करू?

पास झाले तर जीप मी चालवीन. नापास झाले तर जाणं रद्द करा, हात जोडते. एकटे तर मुळीच जाऊ नका. आपल्या गाडीची किल्ली मी सोबत नेली आहे.

हत्ती बघायचे राहिले तर जन्मभर तुमची बोलणी खाईन. तुम्हीच राहिला नाहीत, तर कोणाची खाऊ?