पांढऱ्या पट्ट्याची चाकं

मु. कळंब, देवळामागची धर्मशाळा
जानेवारी १९६३

तीर्थरूप मामाजींच्या पायाशी जावई हरिसिंगचा रामराम. सेवाभायाच्या कृपेने मी इकडे बरा आहे. तुमचा गुडघा थंडीत धरतो म्हणत होतात, आता कसा आहे? सासूबाईंचा खोकला थांबला का? काळी म्हैस व्याली असेल. वगार झाली असली तर माझ्या मनासारखं झालं असं समजावं. तुमची लेक मानीबाई तिकडे उमरखेडला सुखरूप पोचली असेलच. (नसती पोचली तर आतापर्यंत तुम्हीच काठी घेऊन इकडे आला असता.) तिने जे सांगितलं ते सांगितलं. पण तांड्याचे नायक म्हणून तुम्ही जन्मभर दोन्ही बाजू ऐकत आलात, म्हणून दुसरी बाजू पत्राने पाठवतो.

गाडी तुम्ही दिवाळीला आमच्याकडे पाहिलीच आहे. पांढरकवड्याच्या जिनिंगचे साहेब देश सोडून गेले, तेव्हा त्यांची ती उघडी, दोनच माणसं बसणारी, जमिनीला चिकटून पळणारी मोटार मी घेतली. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारून विचारलं होतं, ‘बाकीची गाडी कुठं हाये?’ (मी ते मनावर घेतलं नाही.) गाडी वाऱ्यासारखी पळते, पण टायर झिजून पार गुळगुळीत झाले होते. नवी चाकं घ्यायला पाहिजेत, इथपर्यंत माझं आणि मानीबाईचं एकमत होतं.

मोटारस्टँडजवळ अय्यूब मिस्त्रीचं दुकान आहे. त्याने जुना-नवा सगळा माल अंगणात मांडला. मानीबाई बाजारात वांगी निवडते तशी एकेक टायर अंगठ्याने दाबत फिरली, खाचांमध्ये बोट घालून पाहिलं, आणि एका मोडीत निघालेल्या टॅक्सीचे चार टायर बाजूला काढले. काळे, साधे, जाड. म्हणाली, ‘हेच घ्या. चिखलात पाय रोवून उभे राह्यतीन.’ पण माझी नजर तोवर कोपऱ्यात गेली होती. तिथे दोन चाकं भिंतीला टेकून उभी होती. सायकलसारखी तारांची, चकचकीत, आणि टायरवर गोल पांढरा पट्टा! मामाजी, त्यांच्या मधल्या टोपणात मला माझं तोंड दिसलं. (जरा रुंद दिसलं, पण आनंदी दिसलं.)

जोडीची दुसरी दोन कुठे आहेत, असं विचारलं, तर ती कधीच हैदराबादला गेली होती. मग मागे काय लावायचं? अय्यूबने दाढी खाजवली आणि म्हणाला, ‘मागं जीपची लावू, हरिभाऊ. पुढून नवरदेव, मागून पलटण!’ मला हे वाक्य फार आवडलं. मानीबाई म्हणाली, ‘अन् मधात कोन बसन?’ हे वाक्य मला आवडलं नाही.

जीपची चाकं काही सहजासहजी बसली नाहीत. अय्यूबने नवी भोकं पाडली, तरी ती मडगार्डला घासायला लागली, म्हणून मागचे मडगार्ड त्याने कापूनच टाकले. गाडीचा मागचा भाग वर गेला, नाक खाली आलं. बकरी डबक्यावर पाणी प्यायला वाकावी तशी ती उभी राहिली. आत बसणारा पुढे घसरतो आणि गुडघे हनुवटीला लागतात. (अय्यूब म्हणाला, त्यामुळे वेग वाढतो.)

इथे कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला निघालो. मानीबाईने आरशांचा फेटिया, म्हणजे तिचा ठेवणीतला घागरा, घातला होता, स्वतः भरलेला, दोन हिवाळे खपून. राळेगावपर्यंत थाट होता. लोक शेत सोडून रस्त्यावर येत होते. एका गाडीवानाने तर हात जोडले. (भक्तीने की भीतीने, ते कळलं नाही.) पुढे नाला लागला. पाण्यात वेग कमी करू नये असं अय्यूबने बजावलेलं, म्हणून कमी केला नाही. पांढरे पट्टे चिखलात रुतले, मागची जीपची चाकं मात्र जागच्या जागी फिरत राहिली, आणि मडगार्ड तर नव्हतेच. नाल्यातला सगळा काळा चिखल वर गेला, जरा थांबला, आणि खाली आला. तिच्या बाजूला जास्त आला. हा वाऱ्याचा दोष आहे.

बैलजोडीने आम्हाला बाहेर ओढलं. तारा तुटलेली पुढची चाकं डुलवत गाडी कळंबला पोचली. देवळापाशी नारळवाली मानीबाईला म्हणते, ‘काहून बाई, विहीर खंदून राह्यली का?’ मानीबाईने हातपाय धुतले, दर्शन घेतलं, बाहेर आली आणि मला म्हणाली, ‘तुमची नवरी थे चाकं हायेत. त्यायलेच घेऊन जा घरी.’ आणि ती यवतमाळच्या बसमध्ये जाऊन बसली. खिडकीत फेटियाचा एक आरसा तेवढा स्वच्छ राहिला होता. बस वळेपर्यंत तो चमकत होता. मी दोघांचा प्रसाद हातात घेऊन उभा होतो.

अय्यूबला निरोप धाडला. तो बसच्या टपावर चार चाकं टाकून आला, मानीबाईने निवडलेल्याच टायरांची. ती बसवली. गाडी आता माणसासारखी सरळ उभी आहे. जाताना एवढंच बोलला, ‘भाभीचं आयकलं असतं त मले एकच खेप पडली असती.’ चहासुद्धा घेतला नाही.

तेव्हा माझी काही तक्रार नाही. मानीबाईला राहायचं तितकं राहू द्या. इथे मन शांत आहे, खिचडी मीच शिजवतो (खालून करपते, वरून कच्ची राहते), आणि देवाच्या दारात बरं वाटतं म्हणून मुक्काम वाढवला आहे.

तुमचा लेकरासारखा,
हरिसिंग

ता. क. — मुक्कामाचं आणखी एक कारण आहे. गाडी इथे आहे, आणि मला ती चालवता येत नाही. जिनिंगच्या मैदानात अय्यूबने आम्हा दोघांना शिकवलं. मी कुंपणात गेलो, मानीबाई शिकली. गाडी तीच चालवते. आमच्या तांड्याच्या अलीकडे आम्ही जागा बदलतो. पुढे उतार आहे, तेवढा मला जमतो. हे कोणाला सांगू नये. अय्यूब गाडी नेऊ शकला असता, पण चावी मानीबाईच्या कमरेच्या पिशवीत राहिली.

आणखी एक — सासूबाई म्हणतील, चावी टपालाने पाठवून द्या. कृपा करून पाठवू नका. अय्यूब एका दिवसात गाडी घरी नेऊन ठेवील, आणि मग तिला बोलवायला माझ्यापाशी काही कारण उरणार नाही.