मारिसेलचं आडनाव

मंगळवार, १२ नोव्हेंबर, ग्लासगो

मारिसेल आमच्या वॉर्डातली फिलिपिनो नर्स, पण आडनाव अस्सल स्पॅनिश. आज लंचला सवयीने विचारलंच, "तुझे पूर्वज स्पेनचे का गं?" ती हसली. म्हणे, स्पॅनिश राजवटीत गव्हर्नरने आडनावांची यादी पाठवली आणि लोकांना त्यातलं एकेक घ्यायला लावलं. तिच्या गावात सगळ्यांची 'आर'पासून सुरू होतात! म्हणजे अख्ख्या गावाला यादीचं एकच पान? ते पान काही डोक्यातून जात नाही.

मग तिने विचारलं, "परवा त्या नव्या मराठी डॉक्टरलाही तू आधी आडनावच विचारलंस. त्यावरून काय कळतं?"

"गाव," मी म्हणाले.

जात म्हणायला जीभ रेटली नाही. तिने मात्र अख्खं पान उघडून दाखवलं होतं.